कूलरच्या पोटातल्या तारखा

होळी झाली की मागच्या बोळीतून निघतो आमचा कूलर.
लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात
बाबांनी तो इतवारीतून आणला,
हातगाडीवाल्याला अर्धेच पैसे ठरवून,
म्हणून गोळीबार चौकापर्यंत अर्धा रस्ता स्वतः ढकलत.

जुनी खस काढायची, गंज घासायचा,
टाकीला डांबर, मोटरीला तेलाचे दोन थेंब,
आणि मग रंग. दरवर्षी तोच निळा.
फक्त आतली उजवी बाजू सोडायची.

तिथे खिळ्याने कोरलंय आमचं घर.
"कुमुद चालली. ३ पावलं."
"आईचा मोतीबिंदू, मेडिकल. दिसते."
"नळ आला." त्याखाली दोन रेघा,
तेवढ्या कुणाच्या लग्नाखालीही नाहीत.
"प्रफुल्ल १०वी पास. गणित ३६."
ते छत्तीस कशाला, बाबा?
कुमुदच्या लग्नाची तारीख जरा तिरपी:
त्या दिवशी कूलर मांडवात होता, व्याह्यांकडे तोंड करून,
आणि अक्षता पडायच्या आधी बाबा
त्याच्या पोटात डोकं घालून बसलेले.
लोकांना वाटलं, पंप बिघडला.

एकाच तारखेपुढे काही नाही.
१६ एप्रिल. नुसती.

त्या दिवशी आमच्याकडे आलुबोंडे असतात.
बाहेर पंचेचाळीस अंश, आणि आई
मोठ्या कढईसमोर पदर खोचून.
पराते काकूंकडे सात जायचे, मोजून.
कशाचे, असं कुणी विचारलं की आई म्हणायची,
"आमच्याकडे असते."
तेवढं पुरायचं. दसऱ्याला सोनं का वाटतात
हे तरी कोण विचारतं?

यंदा माझ्या पोरीने 'आमचे सण' लिहिले वहीत:
दिवाळी, मारबत, तान्हा पोळा,
आणि चौथा, आलुबोंडे.
बाईंनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून पाठवलं.

मी वही घेऊन आईकडे गेलो.
ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"मिलले कुलूप लागलं थ्या दिवशी.
सकाळी भोंगा नाही वाजला, तरी गेले हे डबा घेऊन.
दुपारी भरला डबा तसाच वापस.
उंबरठ्यावर उभे राहिले. बोलून नाही राहिले.
तुम्ही तिघं त्यायच्या तोंडाकडं पाहून राहिले.
मले काही सुचलं नाही.
डब्यातली आलूची भाजी कुस्करली, बेसन भिजवलं,
म्हटलं, बसा, आज बोंडे आहेत."

लसणाची एक पाकळी घरंगळली, ती तिने उचलली.

"मंदा तर हसायलेच लागली. तू नाचला.
दुसऱ्या साली, तीच तारीख, तूच आला चुलीजवळ:
आई, आज बोंडे नाही का?
आता पोराले का सांगू?
केले मंग."

म्हणजे मी.
इतकी वर्षं मी समजत होतो
की घरातल्या रीती वरून येतात,
आजोबा-पणजोबांच्या हातून, उतरंडीसारख्या.

बाबांना आता ऐकू कमी येतं.
हॉलमध्ये एसी आहे, तरी ते कूलरसमोरच बसतात,
म्हणतात, त्या थंडीला वास नाही.
सोळा तारखेला त्यांनी गरम बोंडा तोंडात टाकला,
जीभ भाजली, आईकडे पाहिलं,
आणि आई म्हणाली, "कोणी पळवून राहिलं का?"

मग पोरगी खिळा आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन
कूलरच्या पोटात शिरली.
बराच वेळ पत्रा करकरत होता.
मी वाकून पाहिलं. १६ एप्रिलपुढे
एक वाकडंतिकडं वर्तुळ.

"हे काय?"
"बोंडा."

बाबा पुढे सरकले. चष्मा कपाळावर, बोट त्या गोलावर.
"एकच काहून?" ते म्हणाले,
"म्या दोन खाल्ले."

पोरीने खिळा पुन्हा उचलला.